विषय: लोअर अर्ली (रेडिंग, इंग्लंड) येथे सापडलेले पट्टेरी मांजर

प्रेषक: मेधा, लोअर अर्ली

मराठी मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

आमच्या परसातील शेडमध्ये गेले काही दिवस एक मांजर येऊन राहिले आहे. अंग राखाडी, त्यावर काळे पट्टे, पोट आणि पुढचे दोन्ही पंजे पांढरे, चण बारीक. डाव्या कानाचे टोक सरळ रेषेत छाटलेले आहे, पण ती जखम जुनी असून पूर्ण भरलेली आहे. गळ्यात काळा दोरा असून त्यात एक लहानसे पितळी घुंगरू ओवलेले आहे. आजूबाजूच्या सगळ्या घरांत विचारून झाले. कोणाचेच मांजर हरवलेले नाही. येथील एका संस्थेला फोन केला, तेव्हा कानाचे टोक कापलेले असल्यामुळे ते नसबंदी करून सोडलेले भटके मांजर असावे, त्याला आहे तिथेच राहू द्यावे, असे सांगण्यात आले. मला मात्र हे पटत नाही. ते माणसाला बिचकत नाही, दार उघडले की सरळ आत येऊन पायांत घोटाळते, आणि तो दोरा व घुंगरू पाहता ते आपल्याकडच्याच कोणत्या तरी घरात वाढलेले असावे असे मला मनापासून वाटते. रेडिंग परिसरात आपल्यापैकी कोणाचे, किंवा आपल्या ओळखीत कोणाचे मांजर हरवले असल्यास कृपया कळवावे.

आपली,
मेधा

---

प्रेषक: अनघा, केव्हरशम

मेधाताई, नमस्कार.

मी येथे प्राण्यांच्या दवाखान्यात नर्स म्हणून काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. आपली शंका रास्त आहे. भटक्या मांजराची नसबंदी झाली आहे हे लांबूनच ओळखता यावे आणि त्याला पुन्हा पकडून भूल देण्याची वेळ येऊ नये, यासाठी भूल दिलेली असतानाच त्याच्या कानाचे टोक छाटतात. ही पद्धत इंग्लंडमध्ये आहे तशी मुंबई-पुण्यातही आहे. परंतु त्या कानावरून एवढेच कळते की हे मांजर एके काळी रस्त्यावर होते. त्यानंतर त्याला कोणी घरात घेतले की नाही, हे कान सांगू शकत नाही. गळ्यातला दोरा ते सांगतो.

तो दोरा मात्र कृपया आजच काढावा. दोरा आणि मान यांच्यामध्ये आपले बोट घालून, कात्रीचे टोक बाहेरच्या बाजूला ठेवून कापावा. साधा दोरा ताण पडला तरी तुटत नाही. कुंपणाच्या फळीत किंवा झाडाच्या फांदीत अडकला तर मांजर तिथेच लटकते, किंवा सोडवून घेताना पुढचा पाय त्यात अडकून काखेत खोल जखम होते. अशी मांजरे मी पाहिली आहेत. दोरा आणि घुंगरू जपून ठेवा, ते त्या घराचे आहे.

त्यानंतर मांजराला जवळच्या कोणत्याही दवाखान्यात नेऊन ओळखीची चिप तपासून घ्यावी. सापडलेल्या प्राण्याची चिप तपासण्याचे पैसे सहसा घेत नाहीत. चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी असते आणि ती दोन्ही खांद्यांच्या मध्ये कातडीखाली बसवलेली असते. तिच्यात बॅटरी नसते, त्यामुळे प्राणी कुठे आहे हे ती सांगत नाही. स्कॅनर जवळ नेला की त्याच्याच लहरींवर ती जागी होते आणि १५ आकडी क्रमांक दाखवते. कधी कधी ती सरकून खांद्यावर किंवा पुढच्या पायापर्यंत उतरलेली असते, म्हणून स्कॅनर सगळ्या अंगावरून सावकाश फिरवावा, असा आग्रह धरावा.

एक विनंती. क्रमांक मिळाला तर तो सर्व सभासदांना जाणाऱ्या या यादीवर पूर्ण लिहू नये. रंग, कान, दोरा या खुणा आता सर्वांना माहीत झाल्या आहेत आणि त्या ऐकून कोणीही हक्क सांगू शकेल. खऱ्या मालकाची ओळख पटवायला आपल्याकडे तो क्रमांकच उरतो.

कायद्याचेही थोडे सांगते. कुत्रा सापडला असता तर तो मालकाला परत करणे किंवा स्थानिक कौन्सिलला कळवणे आपल्यावर बंधनकारक झाले असते, आणि मालक शोधण्यासाठी कौन्सिलने त्याला सात दिवस सांभाळले असते. १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्यातली ही तरतूद मांजरांना लागू नाही. मांजर ही मालकाची मालमत्ता असते खरी, पण हरवलेले मांजर घरी पोहोचवायचे काम बहुतेक वेळा सापडवणाऱ्याच्या चिकाटीवरच अवलंबून राहते. म्हणून आपण चिकाटी सोडू नये ही कळकळीची विनंती.

आपली,
अनघा

---

प्रेषक: मेधा, लोअर अर्ली

अनघा, तू सांगितल्याप्रमाणे दोरा काढला आणि आज मांजर तपासून आणले. ते मादी आहे, नसबंदी झालेली आहे, आणि चिप सापडली. स्कॅनर मानेवरून फिरवला तेव्हा काहीच लागले नव्हते. उजव्या खांद्याच्या खाली नेल्यावर आकडे उमटले. पण पुढे वाट खुंटली. दवाखान्यातील बाईंनी तो क्रमांक संगणकावर घालून पाहिला, तर तो ब्रिटनमधल्या कोणत्याच नोंदणीत नाही असे उत्तर आले. चिप असून नोंद नाही, असे कसे होऊ शकते? क्रमांक ९ ने सुरू होतो, एवढेच येथे लिहिते.

---

प्रेषक: अनघा, केव्हरशम

मेधाताई, चिप सापडली ही फार मोठी गोष्ट झाली. नोंद का नसावी, याचा मला जो अंदाज येतो तो लिहिते, कारण आपल्या मंडळातील अनेक घरांना तो लागू पडेल.

चिपमध्ये फक्त क्रमांक असतो. नाव, पत्ता, फोन यांतले काहीही नसते. ते तपशील वेगळ्या डेटाबेसमध्ये असतात आणि ब्रिटनमध्ये असा एकच सरकारी डेटाबेस नसून वेगवेगळ्या खासगी कंपन्यांचे अनेक डेटाबेस आहेत. दवाखान्यात क्रमांक शोधला की तो यांपैकी कोणाकडे आहे एवढे कळते, आणि मग ती कंपनी मालकाला फोन करते. त्यांपैकी कोणाकडेच क्रमांक नसेल, तर बहुधा चिप दुसऱ्या देशात बसवलेली असते. क्रमांकाचे पहिले तीन आकडे कधी देशाचे, तर कधी चिप बनवणाऱ्या कंपनीचे असतात. ९ ने सुरू होणारे कंपनीचे असतात, त्यामुळे त्यांवरून देश ओळखता येत नाही. पण काळा दोरा, घुंगरू आणि छाटलेला कान यांच्या जोडीला ही न सापडणारी नोंद ठेवली, तर हे मांजर भारतातून आलेले असण्याची शक्यता मला बरीच वाटते.

भारतातून मांजर येथे आणायचे तर आधी चिप बसवावी लागते, त्यानंतर रेबीजची लस, मग किमान ३० दिवसांनी रक्ताची तपासणी, आणि ते रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबून मगच विमानप्रवास. या प्रत्येक कागदावर तो १५ आकडी क्रमांक लिहिलेला असतो. क्रमांक इतक्या ठिकाणी येतो की तो ‘नोंदलेला’ आहे असे घरच्यांना वाटणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु ते कागद विमानतळावर प्राणी आत घेण्यापुरते असतात. त्यांतला एकही तपशील आपोआप येथल्या डेटाबेसमध्ये जात नाही. तो मालकाने स्वतः भरायचा असतो. प्राणी आणून देणाऱ्या एजंटांपैकी काही जण हे सांगतात, काही सांगत नाहीत.

म्हणून आता आपण माणसे शोधू या. गेल्या दीड-दोन वर्षांत भारतातून मांजर घेऊन रेडिंग, वोकिंगम, ब्रॅकनेल या भागांत आलेले कुटुंब कोणाला माहीत आहे का? ते मंडळाचे सभासदच असतील असे नाही, आणि मराठीच असतील असेही नाही. कृपया ही पत्रे पुढे पाठवावीत.

---

प्रेषक: श्रीकांत, वुडली

मेधा, अनघा,

गणेशोत्सवात महाप्रसादाच्या रांगेत एक तरुण जोडपे भेटले होते. त्यांची लहान मुलगी माझ्या पत्नीला आपल्या मांजराच्या विमानप्रवासाची गोष्ट सांगत होती. ते तेव्हा लोअर अर्लीतच भाड्याने राहत होते. नंतर घर बदलल्याचे कानावर आले. त्यांचा नंबर मिळवून मी दोघींची पत्रे त्यांना पाठवली आहेत.

श्रीकांत

---

प्रेषक: निखिल, वुडली

आदरणीय मेधाताई, अनघाताई आणि श्रीकांतकाका,

हा मजकूर लिहिताना हात थरथरत आहेत. ती आमची चिंगी आहे. मुलुंडला आमच्या सोसायटीच्या आवारात ती पिल्लू असल्यापासून होती, तिथल्याच कार्यकर्त्यांनी तिची नसबंदी केली होती, आणि घुंगरू माझ्या आईने निघताना तिच्या गळ्यात बांधले होते.

आम्ही नुकतेच लोअर अर्लीहून वुडलीला राहायला आलो. बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या माणसाने मागचे दार उघडे ठेवले आणि ती निघून गेली. हरवलेले मांजर सहसा घराजवळच दडून बसते असे वाचल्यामुळे आम्ही वुडलीतच शोधत राहिलो. रात्री रहदारी थांबल्यावर टॉर्च घेऊन कुंपणांखाली पाहिले, शेजाऱ्यांकडून शेड उघडून घेतल्या, खांबांवर तिचे फोटो लावले. मधला मोटरवे आणि रेल्वेमार्ग ओलांडून ती जुन्या घराकडे जाईल असे आमच्या मनातही आले नाही. मेधाताई, तुमचा रस्ता आमच्या जुन्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे.

रेबीजच्या रक्ततपासणीचे प्रमाणपत्र माझ्यापुढे आहे. त्यावरील चिपच्या क्रमांकाचे शेवटचे सहा आकडे मी आपल्याला वेगळ्या पत्राने पाठवत आहे. ते जुळले तरच आम्हाला बोलवावे. आमची काहीही हरकत नाही.

आपला कृतज्ञ,
निखिल

---

प्रेषक: मेधा, लोअर अर्ली

सर्वांस कळवण्यास अतिशय आनंद होतो की चिंगी आपल्या घरी गेली.

निखिल यांनी पाठवलेले सहाही आकडे जुळले. तरीही अनघाच्या सल्ल्याने आम्ही सर्वजण दवाखान्यात भेटलो, म्हणजे मांजर सोपवण्याआधी सर्वांसमक्ष क्रमांक पुन्हा वाचता येईल. नर्स एकेक आकडा मोठ्याने वाचत होती आणि निखिल यांची मुलगी प्रमाणपत्रावर बोट ठेवून तो तपासत होती. पंधरावा आकडा होईपर्यंत तिने मांजराकडे पाहिलेसुद्धा नाही. मग तिने हाक मारली. चिंगी माझ्या पिंजऱ्यातून शेपटी ताठ उभी करून बाहेर आली, तिच्या बोटांचा वास घेतला, आणि त्यांनी आणलेल्या जुन्या गोधडीवर जाऊन बसली. मुलीच्या आईला तेव्हा बोलता येईना, आणि खरे सांगायचे तर मलाही.

घुंगरू मी परत दिले आहे. ते आता ताण पडताच सुटणाऱ्या पट्ट्याला लावायचे ठरले आहे. निखिल यांनी दवाखान्यातच फोनवरून चिपची नोंद केली आणि त्यात वुडलीचा पत्ता घातला.

मेधा

---

प्रेषक: अनघा, केव्हरशम

निखिल, दोन गोष्टी. ज्या मांजराने एकदा जुन्या घराची वाट धरली, ते पुन्हा धरू शकते. म्हणून चिंगीला आणखी काही आठवडे बाहेर सोडू नये, आणि नंतर सोडाल तेव्हाही जेवणापूर्वी, उपाशी असताना, थोडा वेळच सोडावे. तसेच जुन्या घरात आता जे राहतात त्यांना आपला फोन नंबर देऊन ठेवावा आणि ती दिसल्यास खायला घालू नये, असे आवर्जून सांगावे. तिथे तिला काही मिळाले नाही, तर तिथे राहण्याचे कारणच उरणार नाही.

---

प्रेषक: कार्यवाह

मेधाताई, अनघाताई, श्रीकांतकाका आणि ज्यांनी ज्यांनी ही पत्रे पुढे पाठवली त्या सर्वांचे मंडळातर्फे मनःपूर्वक आभार.

या निमित्ताने सर्व सभासदांना एक स्मरण द्यावेसे वाटते. इंग्लंडमध्ये कुत्र्यांना एप्रिल २०१६ पासून आणि २० आठवड्यांवरील मांजरांना १० जून २०२४ पासून चिप सक्तीची आहे. केवळ चिप असून भागत नाही. मालकाचा पत्ता व फोन नोंदलेले आणि अद्ययावत असावे लागतात, आणि तसे नसल्यास नोटिशीनंतर ५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्यापैकी अनेकांची घरे नोकरीच्या किंवा शाळेच्या निमित्ताने वारंवार बदलतात. बँक आणि डॉक्टर यांना नवा पत्ता कळवतानाच तो चिपच्या नोंदीतही बदलून घ्यावा.

येत्या रविवारी मासिक सभेनंतर अनघाताई अर्धा तास थांबणार असून, ज्यांना आपल्या प्राण्याच्या चिपची नोंद कुठे आहे हे तपासायचे असेल किंवा नवी नोंद करायची असेल त्यांना त्या मदत करतील. सभागृहात प्राण्यांना प्रवेश नाही, म्हणून त्यांना घरीच ठेवावे. चिपचा क्रमांक लिहिलेला कोणताही कागद सोबत आणला तरी पुरे.

कार्यवाह