सिनेगॉगचं दार कधी उघडं असतं?

प्रेषक: मंडळाचा सचिव
दिनांक: १९ ऑगस्ट २०२६

नमस्कार मंडळी,

आपल्या मंडळातल्या मावशी ज्या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनागृहाच्या, सभासद आहेत, तिथून आपल्या सगळ्यांना सणाच्या दिवसांत यायचं बोलावणं आलं आहे. मांडव घालतात तो सण आहे, सुक्कोथ. मी २६ सप्टेंबर, शनिवार, सकाळी दहा अशी वेळ धरतो आहे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी आहे, त्यामुळे आपलं विसर्जन उरकलेलं असेल आणि शनिवारी सगळ्यांना सुट्टीही आहे. प्रत्येक घरातून एक पदार्थ आणावा, म्हणजे यजमानांवर भार पडणार नाही. फोटोंची जबाबदारी नेहमीप्रमाणे आपल्या फोटोवाल्या दादांकडे. कोण कोण येणार ते कळवा.

मावशी, चालेल ना?

*

प्रेषक: दोन मुलांची आई
दिनांक: १९ ऑगस्ट

आम्ही चौघं येणार. धाकटीला शिंगाचं वाद्य ऐकायचं आहे, तिच्या वर्गातल्या मैत्रिणीने तिला त्याबद्दल सांगितलंय. ते त्याच दिवशी वाजवतात का? आणि कपडे कसे घालायचे? मला अशा ठिकाणी जाताना आपल्याकडून काही चुकेल याची फार धास्ती वाटते.

*

प्रेषक: मावशी
दिनांक: २० ऑगस्ट

सचिव आणि सगळे,

तुम्ही इतक्या उत्साहाने नावं देता आहात हे वाचून काल रात्री किती तरी वेळ झोप लागली नाही. पण तारीख बदलावी लागेल, आणि का ते नीट सांगते.

आमचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. म्हणजे २५ तारखेला तुमची अनंत चतुर्दशी संपता संपता आमच्या सुक्कोथची पहिली रात्र लागते. हा योगायोग नाही. दोन्ही पंचांगं चंद्रावर चालतात, आणि सुक्कोथ तिश्री महिन्याच्या पंधराव्या दिवशी, म्हणजे पौर्णिमेच्या सुमारास येतो. अधिक महिना आमच्याकडेही असतो, एकोणीस वर्षांत सात वेळा. ऋतू आणि चंद्र यांची सांगड घालायला दुसरा इलाज नाही.

तर २६ तारीख म्हणजे शब्बाथ, आमचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, आणि सुक्कोथचा पहिला दिवस, दोन्ही एकत्र. त्या दिवशी आम्ही गाडी चालवत नाही, दिव्याचं बटण दाबत नाही, फोन हातात घेत नाही, लिहीत नाही, पैशाला हात लावत नाही. फोटो तर नाहीच. दुसरा दिवस, रविवार, तोही मोठा सण. सोमवार २८ पासून शुक्रवार २ ऑक्टोबरपर्यंत मधले दिवस असतात. सण चालू, पण बंधनं सैल. तेव्हा गाडीने या, फोटो काढा, गाणी म्हणा. बुधवार ३० सप्टेंबर, संध्याकाळी साडेसहा हे मी आमच्या समितीला विचारून ठेवलं आहे. त्यांना चालतंय.

पदार्थ मात्र आणू नका. राग मानू नका. सिनेगॉगचं स्वयंपाकघर कोशेर आहे, म्हणजे आमच्या धर्माच्या खाण्यापिण्याच्या नियमांनी चालतं, बाहेर शिजवलेलं काहीही तिथे चालत नाही, मग ते कितीही शुद्ध शाकाहारी असो. भांडं, शेगडी, आधी त्यात काय शिजलं होतं, सगळं त्यात मोजलं जातं. पाहुण्याने रिकाम्या हाताने यावं हे आपल्या माणसांना किती जड जातं ते मला माहीत आहे. अगदीच राहवलं नाही तर फुलं आणा.

शिंगाबद्दल. त्याला शोफार म्हणतात, बहुधा मेंढ्याचं शिंग. ते सुक्कोथला नाही, रोश हशानाला, म्हणजे आमच्या नववर्षाला वाजतं. आता चालू असलेल्या एलुल महिन्यातही शब्बाथ सोडून वाजतं. यंदा नववर्ष १२ आणि १३ सप्टेंबरला आहे, ५७८७ साल लागेल. १२ ला शनिवार आहे आणि शब्बाथला आमच्याकडे शोफार फुंकत नाहीत. कुणी ते वाजवायला शिकण्यासाठी उचलून रस्त्याने घेऊन जाईल, आणि शब्बाथला तसं वाहून नेणं चालत नाही, अशी धर्मशास्त्रकारांना काळजी होती. म्हणून यंदा फक्त रविवारी १३ तारखेला. धाकटीला घेऊन सकाळी अकराच्या सुमारास ये. एक लांब सरळ नाद, मग तीन तुटक हुंदके, मग नऊ बारीक बारीक ठोके, पुन्हा लांब नाद, असं करत सकाळभरात शंभराच्या आसपास नाद होतात. लहान मुलं त्या वेळी आपोआप गप्प होतात, मी दर वर्षी पाहते.

कपडे साधे, खांदे झाकलेले. साडी, पंजाबी ड्रेस उत्तम. पुरुषांनी डोकं झाकायचं, दाराशी टोप्यांची टोपली असते. आमच्याकडे पुरुष आणि बायका वेगळे बसतात. भिंतीतल्या कपाटाचा पडदा उघडला की सगळ्यांबरोबर उभं राहायचं, कारण आत सेफेर तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, असते. कातड्यावर हाताने लिहिलेली, तीन लाखांहून जास्त अक्षरांची गुंडाळी. तिला बोट लावत नाहीत, वाचणारासुद्धा चांदीच्या छोट्या हाताने ओळ दाखवतो. प्रार्थनेचं पुस्तक जमिनीवर ठेवू नका. चुकून पडलं तर उचलून त्याचं चुंबन घेतात, आपण पाय लागला की नमस्कार करतो तसंच.

आणि एक. दाराशी पहारेकरी असेल, तो नाव विचारेल, पिशवी तपासेल. कृपया त्याचं वाईट वाटून घेऊ नका. नावं आधी दिलीत तर पटकन सोडेल.

मावशी

*

प्रेषक: काका
दिनांक: २० ऑगस्ट

मावशींना नमस्कार.

मी त्याच रस्त्याने सकाळी फिरायला जातो. मागच्या हिवाळ्यात एकदा तुमच्या सिनेगॉगच्या दारात एक वयस्कर गृहस्थ कोट घालून उभे होते आणि जाणाऱ्या एकदोघांना काहीतरी विचारत होते. मलाही विचारलं, ज्यू आहात का. मी नाही म्हणालो, त्यांनी मान हलवून आभार मानले. तेव्हापासून मनात आहे की त्यांना काही मदत हवी होती आणि मी तसाच निघून गेलो. काय असावं?

*

प्रेषक: मावशी
दिनांक: २१ ऑगस्ट

काका,

तुम्ही काही चुकला नाहीत. ते दहावा माणूस शोधत होते.

सामूहिक प्रार्थनेला मिनियान लागतं. तेरा वर्षांवरचे दहा पुरुष. बायकांनाही मोजणारी सिनेगॉगं आहेत, आमचं जुन्या वळणाचं, तिथे मी मोजली जात नाही. नऊ असले तर प्रार्थना आपापली करता येते, पण तोरा वाचता येत नाही आणि कद्दीश म्हणता येत नाही. कद्दीश म्हणजे गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना. आरामी भाषेत आहे, आणि तिच्यात मृत्यूचा शब्दसुद्धा नाही, सगळी देवाची स्तुती. आईवडील गेल्यावर मुलगा अकरा महिने ती रोज म्हणतो, आणि पुढे दर वर्षी त्या तिथीला. एकट्याने म्हणायची नाहीच. ‘आमेन’ म्हणायला माणसं हवीत.

छोट्या सिनेगॉगचं सगळं आयुष्य या दहा आकड्याभोवती फिरतं, हे बाहेरून दिसत नाही. कोण गावाला गेलंय, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, कोणाचा मुलगा सुट्टीवर घरी आलाय, हे सगळं आमच्या फोनवरच्या गटात रात्री दहा वाजता मोजलं जातं.

माझ्या यजमानांच्या दुसऱ्या पुण्यतिथीला सकाळी सात वाजता नऊ जण जमले होते. माझा मुलगा पुस्तक उघडून उभा. सव्वासात, साडेसात. दोघांना कामावर जायचं होतं, ते घड्याळाकडे बघतही नव्हते, म्हणून मलाच जास्त लाज वाटत होती. पावणेआठला एक मुलगा आला, शाळेच्या गणवेशात, पाठीवर दप्तर. दोन महिन्यांपूर्वीच त्याची बार मिट्झ्वा, तेरा वर्षं पूर्ण झाल्याचा विधी, झाली होती. आईने त्याला शाळेच्या वाटेवर दारात सोडलं होतं. हजानने, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याने, त्याच्याकडे बघून नुसतं म्हटलं, दहा, आणि सुरुवात केली. माझ्या मुलाने कद्दीश म्हटली. तो मुलगा सर्वांत मोठ्याने आमेन म्हणत होता. आता त्याच्या शाळेच्या परीक्षा असल्या की मी इकडे त्याच्यासाठी प्रार्थना करते.

तेव्हा काका, मिनियानमध्ये तुम्ही मोजले जाणार नाही. पण त्या कोटातल्या गृहस्थांना पुन्हा दिसलात तर थांबून ‘शालोम’ म्हणा. ते रोज साडेसहापासून तिथे असतात.

दाराचा विषय निघालाच आहे तर अजून थोडं लिहिते, सचिवांनी लांबीवर ओरडू नये.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी ज्यू. कोकणात तेल गाळायचो आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचो, म्हणून शनवार तेली. हिब्रू विसरलो होतो, पण सण विसरलो नव्हतो, त्यांना आम्ही मराठी नावं दिली. रोश हशानाला नव्याचा सण. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाला, दारफाळणीचा सण. दार लावून घ्यायचा सण, कारण त्या दिवशी घराची दारं बंद करून उपास करायचे, पांढरे कपडे घालून, कुणाशी संबंध नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण, तेव्हा दारं उघडून एकमेकांकडे जायचं, दानधर्म करायचा.

मोठी झाल्यावर मी हिब्रू शिकले आणि कळलं की योम किप्पूरची शेवटची, सूर्य मावळतानाची प्रार्थना तिचं नावच नेइला, म्हणजे दार लावणं. स्वर्गाचं दार मिटायच्या आत शेवटचं मागणं. पुस्तक हरवलेल्या लोकांच्या तोंडात नेमका तोच शब्द राहिला होता की दोघांची गाठ आपसूक पडली, ते पंडित सांगतील. मला तो शब्द वाचताना आजीची हाक ऐकू येते, ‘दार लाव गं’.

आणि मुंबईतलं आमचं सर्वांत जुनं सिनेगॉग १७९६ चं, मांडवीतलं. समाजी हसाजी दिवेकरांनी बांधलं. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटल्यावर, असं आमच्यात सांगतात. त्याचं नाव शार हारहमीम. अर्थ दयेचं दार. आमच्या घरी त्याला नुसतं मशीद म्हणत, आणि मीही लहानपणी तेच म्हणायचे.

यंदा योम किप्पूर रविवार २० च्या संध्याकाळी लागतं आणि सोमवारी २१ ला रात्री तारे दिसले की सुटतं. पंचवीस तास अन्न नाही, पाणी नाही, पायात चामड्याची चप्पल नाही. तो काही बघायला येण्याचा दिवस नव्हे, म्हणून निमंत्रणात घातला नाही. पण तुमच्यातलं कुणी मनापासून यायचं म्हणालं तर नेइलाला या, सूर्यास्ताच्या तासभर आधी. फोन घरी ठेवा, गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावा, मागच्या बाकावर बसा. सकाळपासून उभं राहून घसा बसलेली माणसं त्या शेवटच्या तासात पुन्हा मोठ्याने गायला लागतात. शेवटी शोफारचा एकच लांब नाद, आणि मग सगळे एकमेकांना मिठ्या मारून पाणी शोधतात.

मावशी

*

प्रेषक: मंडळाचा सचिव
दिनांक: २२ ऑगस्ट

मावशी, लांबीवर कोण ओरडणार! माझ्या आईला फोनवर वाचून दाखवलं. तिने ‘शिळा सण’ दोनदा वाचायला लावलं.

नक्की ठरलं: बुधवार, ३० सप्टेंबर, संध्याकाळी ६.३०. घरून शिजवलेलं काही नाही, मंडळातर्फे फुलं. येणाऱ्यांची पूर्ण नावं १५ सप्टेंबरपर्यंत मला पाठवा, मी एकत्र यादी पहारेकऱ्यांना देतो. २६ तारीख धरली ती माझी चूक, पुढच्या वर्षीच्या मंडळाच्या दिनदर्शिकेत ज्यू सणही छापू, म्हणजे तुम्हाला आमच्या कार्यक्रमांना ‘येता येणार नाही’ म्हणून कळवायची पाळी येणार नाही. गेल्या चार वर्षांत किती वेळा शनिवार सकाळ ठेवली ते काल मोजलं, अकरा वेळा. मावशी, तुम्ही एकदाही बोलला नाहीत.

*

प्रेषक: दोन मुलांची आई
दिनांक: २२ ऑगस्ट

१३ तारखेला आम्ही येतोय, शोफारसाठी. नेइलाला मी एकटी येईन म्हणते, मावशी, तुमच्या शेजारी बसले तर चालेल?

मुलं विचारतायत, मांडव कोण घालतं? त्यांना मदत करता येईल का?

*

प्रेषक: मावशी
दिनांक: २३ ऑगस्ट

अगं ये. माझ्या शेजारची जागा यजमान गेल्यापासून नणंदेची होती, तीही आता मुलाकडे राहायला गेली.

मुलांना नक्की आण. योम किप्पूर सुटलं की त्याच रात्री मांडवाची पहिली खुंटी ठोकायची पद्धत आहे, उपास सोडून लगेच. बाकीचं काम गुरुवारी, २४ ला दुपारी चारपासून. भिंती कशाच्याही चालतात, आमच्या फळ्यांच्या आहेत. छत मात्र जमिनीतून उगवलेल्या आणि तोडलेल्या गोष्टीचंच हवं, फांद्या, बांबू, झावळ्या. उन्हापेक्षा सावली जास्त पडली पाहिजे, पण रात्री फटींतून तारे दिसले तर उत्तम. इजिप्तमधून सुटल्यावर चाळीस वर्षं वाळवंटात अशा झोपड्यांत काढली, त्याची ही आठवण. सात दिवस जेवण तिथेच. रोज एक अदृश्य पाहुणा बोलवायचा असतो, अब्राहामपासून दाविदापर्यंत सात जण. कोणत्या दिवशी कोणाची पाळी ते मुलांनी चित्रं काढून भिंतीवर लावायचं आहे.

लुलाव आणि महाळुंगही बुधवारी हातात धरायला देईन. लुलाव म्हणजे खजुराचा न उमललेला कोंब. तो, हदास (मर्टलची डहाळी), वाळुंज आणि महाळुंग एकत्र धरून सहा दिशांना हलवतात. महाळुंगाचा वास हाताला दिवसभर राहतो.

गुरुवारी येताना कात्र्या, सुतळी आणि घोडा-शिडी कुणाकडे असेल तर आणा. आमची शिडी डुगडुगते आणि छतावर चढणारे सगळे सत्तरीचे आहेत.

मावशी

*

प्रेषक: काका
दिनांक: २३ ऑगस्ट

शिडी माझ्याकडे आहे, आठ फुटी. गुरुवारी पावणेचारला दारात असेन. त्या गृहस्थांना आज सकाळी भेटलो, शालोम म्हटलं. त्यांनी मला ओळखलं.