अनुभव धागा: "पण खरं कोणाचं?"

गेल्या गणपतीत आमच्या मालवणच्या देऊळवाड्यातल्या घरी पाहुण्या आलेल्या एका काकींनी आमच्या दत्तक लेकीच्या हातावर मोदक ठेवत विचारलं, "गो, तुका म्हायत आसा मा, तू खंयची ती?" सहा वर्षांची पोर म्हणाली, "होय, देऊळवाड्याची." काकी गप्प. मी मात्र रात्रभर जागी. तुम्हांला काय काय ऐकावं लागलं, लिहा. सल्ले नकोत.

गुहागरकर
आमच्याकडे "भाऊबंदांतलं घ्यायचं होतंत, रक्त तरी आपलं" हे तीन वर्षं ऐकतोय. रक्त-बिक्त काही नाही हो, आंब्याची दीडशे कलमं आहेत डोळ्यांसमोर. चुलते बोलले की मी २०१५च्या बाल न्याय कायद्याचं कलम ६३ काढतो. दत्तक आदेश झाला की मूल वारसासकट सगळ्या बाबतींत आमचंच. "ते कागदावर," म्हणतात. हेच चुलते दर पावसाळ्यात रायवळाच्या खुंटावर हापूस बांधतात आणि फळाला हापूसच म्हणतात. यंदा घरच्या गणपतीच्या पूजेची पाळी आमची होती. आरतीचं तबक मुलाच्या हातात दिलं. दोघे उठून पडवीत गेले. प्रसादाला परत आले.

एकटी, देवगड
लग्न केलं नाही, मुलगी घेतली. समाजसेविका घर बघायला आली, तेव्हा वाडीत बातमी फुटली की माझ्या घरी चौकशी आली! मुलगी आल्यावर बघायला बऱ्याच आल्या, ओटी कोणी भरली नाही. फक्त शेजारची आजी हळिवाचे लाडू घेऊन आली. मी म्हटलं, हे बाळंतिणीचे. म्हणाली, "चेडू पोटातसून येवं दे नायतर यष्टीतसून, आवस दमताच."

श्रीवर्धन
आम्ही मुसलमान. आम्हांलाही बाल न्याय कायद्याने दत्तक घेता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली, आधीचा कायदा असतानाच स्पष्ट केलं. घरचे म्हणाले, यतीम (अनाथ) मुलाला सांभाळा, सवाबच (पुण्यच) आहे, पण आपलं नाव लावू नका. नाव लावलं. सासरे दोन ईदांना आले नाहीत. त्यांचं चुकलं असं मला आजही सरळ म्हणता येत नाही. त्यांची श्रद्धा खरी आहे.

बाबाच फक्त
बाल न्याय कायद्याने एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळतच नाही, मुलगा घेतला. तरी लोक विचारतात, "कशाला हवं होतं?" त्या "कशाला"चा सूर तुम्ही ऐकायला हवा.

वाचनमात्र होते
आमची गृहभेट पुढच्या आठवड्यात. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. समाजसेविका त्यांच्याशीही बोलणार म्हणे.