आईच्या फोनवर ब्लॉकर लावून ‘विसरून जा’ म्हणणाऱ्यांसाठी

सांगलीकर_भाचा:
परवा इथेच एका सद्गृहस्थांनी सल्ला दिला होता: फोनच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ला (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा नेटवरचा पत्ता शोधून देणारी सेवा) जाहिराती गाळणाऱ्या अ‍ॅडगार्डचा पत्ता टाका, जाहिराती आणि पाळत ठेवणारे ट्रॅकर दोन्ही गायब. आईवडिलांच्या फोनवरही टाकून द्या आणि विसरून जा. मी आज्ञाधारक माणूस. दिवाळीला घरी गेलो तेव्हा आईच्या फोनवर टाकलं आणि खरंच विसरलो.

गेल्या मंगळवारी आई एकटी रक्ताचा रिपोर्ट आणायला गेली. तिथल्या वायफायला फोन आपोआप जोडला गेला आणि नेट बंद. मला फोन: “अरे, खाजगी डीएनएस का कायसं म्हणतोय. मी काही दाबलेलं नाही हं.” वायफाय बंद करायला लावलं, नेट आलं. मग एसएमएसमधली रिपोर्टची लिंक उघडेना. नुसतं पांढरं पान. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “काकू, तुमच्या फोनलाच प्रॉब्लेम आहे.” पाऊण तास ती बाकावर आणि मी पुण्यात ऑफिसच्या जिन्यात. शेवटी छापील रिपोर्ट घेऊन आली, त्याचे पैसे वेगळे मोजून.

तर सद्गृहस्थ, विसरायचं नेमकं कोणी?

निळी_टोपी:
सद्गृहस्थ हजर आहेत. दोन बिघाड झालेत, त्यांची खिचडी करू नका.

पहिला: अँड्रॉइड ९ पासून ही सोय आहे. ‘ऑटोमॅटिक’ ठेवलं तर फोन जमेल तिथे एन्क्रिप्टेड (मधल्या कुणाला वाचता न येणारं) डीएनएस वापरतो, नाही तर साध्यावर भागवतो. पण तुम्ही पत्ता टाकलात की तोच सर्व्हर हवा म्हणून अडून बसतो. हे सगळं ८५३ पोर्टवरून, म्हणजे नेटच्या त्या क्रमांकाच्या दारातून चालतं आणि बऱ्याच संस्थांच्या वायफायवर तो बंद असतो. म्हणून नेट गेलं.

दुसरा: एसएमएसमधली लिंक थेट रिपोर्टकडे जात नसणार. मध्ये क्लिक मोजणारं तिसऱ्याच कंपनीचं डोमेन (साइटचं नाव) असतं, ते ब्लॉकरच्या यादीत आहे. म्हणजे ब्लॉकरने आपलं काम चोख केलं. तुमच्या आईने शुगरचा रिपोर्ट किती वाजता उघडला हे त्या तिसऱ्या कंपनीला कशाला हवंय? सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खाजगीपणा मूलभूत हक्क ठरवला, तो काय फक्त निबंधात लिहायला? राग तिकडे काढा की.

सांगलीकर_भाचा:
काढतो. आईला सांगतो, काउंटरवरच्या मुलीला २०१७ चा निकाल वाचून दाखव, रिपोर्ट लगेच उघडेल.

उंबरठ्यावरची:
टोपीसाहेब, एक राहिलं. ट्रॅकर टाळायला म्हणून फोन ज्या ज्या साइटचं नाव विचारतो ती सगळी नावं तुम्ही एका परक्या कंपनीच्या सर्व्हरला विचारताय. त्यांच्यावर विश्वास कशाच्या जोरावर?

म्हणून मी फोनमध्येच लोकल व्हीपीएन, म्हणजे सगळं नेट ज्यातून जातं असा बोगदा, करून जाहिराती गाळणारं अ‍ॅप वापरते. त्यात एखादं अ‍ॅप अडलं तर तेवढंच यादीतून वगळता येतं, शिवाय कोणी काय मागितलं त्याची नोंद दिसते. पण त्याचीही कथा ऐका. अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतं. ऑफिसचं व्हीपीएन लावलं की माझं अ‍ॅप मुकाट्याने बाजूला व्हायचं आणि परत सुरूच व्हायचं नाही. शिवाय माझ्या फोनला बॅटरी वाचवायची भारी हौस, मागे चाललेलं काहीही मारून टाकतो. तीन महिने मी स्वतःला सुरक्षित समजत होते. एक दिवस आजेसासूबाईंसाठी वॉकर शोधला आणि पुढचा आठवडाभर पत्त्यांच्या गेममध्येसुद्धा वॉकर! तेव्हा कळलं. आता त्या अ‍ॅपचं बॅटरीचं बंधन काढलंय, ‘ऑल्वेज ऑन’ केलंय. तरी सोमवारी सकाळी व्हीपीएन चालू असल्याचं ते किल्लीचं चिन्ह कुणाचं आहे ते बघते.

गावकुस:
यूट्यूबच्या जाहिराती यातल्या कशानेच जात नाहीत. मग एवढा खटाटोप कशाला?

निळी_टोपी:
कारण डीएनएसला फक्त नाव दिसतं, आणि तिथे व्हिडिओ आणि जाहिरात एकाच घरातून येतात. दार बंद केलं तर दोघंही बाहेर. फायरफॉक्स ब्राउझरमध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती गाळणारं एक्स्टेंशन टाकून तिथे बघा. हे शंभर वेळा लिहून झालंय.

अंकवाला_जुना:
सगळे हुशार जमलेत, पण जाहिराती बंद केल्यावर मराठीत लिहिणाऱ्याच्या पोटाचं काय, हे एकानेही विचारलं नाही. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपले अंक जाहिरातींवर जगलेत. मी बारा वर्षं छोटा अंक काढला. दसऱ्यापर्यंत सराफाच्या पेढीच्या पायऱ्या झिजवायच्या, ‘मागचं मुखपृष्ठ यंदा द्या’ म्हणून. तुम्हाला फुकट वाचायचंय आणि वर जाहिरात डोळ्यांसमोर नको!

उंबरठ्यावरची:
सराफाची जाहिरात मी पान उलटल्यावर माझ्या मागे स्वयंपाकघरात येत नव्हती. मी त्या पानावर किती वेळ थांबले हे सराफाला कोणी कळवत नव्हतं. जाहिरातीला कोण नाही म्हणतंय, पाळतीला नाही म्हणतोय.

अंकवाला_जुना:
तुम्ही शेवटचा दिवाळी अंक विकत कधी घेतलात ते सांगा आधी.

उंबरठ्यावरची:
लायब्ररीतून आणते. दर वर्षी आठ-दहा. वर्गणी भरून.

अंकवाला_जुना:
झालं! एक अंक पन्नास घरं फिरतो आणि संपादकाच्या हाती एका प्रतीचे पैसे.

उंबरठ्यावरची:
म्हणजे लायब्ररीत जाणारे चोर? तुमच्या अंकात कथेच्या ऐन मध्यावर मूळव्याधीच्या औषधाची चौकट असायची, तीही आम्ही वाचली. अजून काय करायचं?

गावकुस:
धागा फोनचा होता ना?

अंकवाला_जुना:
मूळव्याधीची चौकट पूर्ण पैसे आगाऊ देणारी एकमेव होती, बाई. बाकीच्यांचे धनादेश मार्चमध्ये यायचे, आणि काही परत जायचे. असो. मागे येणारी जाहिरात मलाही आवडत नाही. पण फरक करायचा तर तुमचं ते यंत्र करतं का? ते माझ्या साइटवरचा लोणचेवाल्याचा चौकोनही उडवतं.

निळी_टोपी:
तो चौकोन स्वतःच्याच साइटवर साधं चित्र म्हणून ठेवा, डीएनएसवाला ब्लॉकर त्याला हात लावणार नाही. तो उडतो कारण तुम्ही तो दुसऱ्याच्या जाहिरातयंत्रणेतून मागवता.

अंकवाला_जुना:
…हे मला साइट करून देणाऱ्या भाच्याने सांगितलं नाही.

निळी_टोपी:
भाच्यांचं हे असंच असतं. यावरून धागाकर्त्यांकडे वळतो. ‘विसरून जा’ हे शब्द मागे घेतो, जल्लोष करा. आईच्या फोनवर डीएनएस ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा, ब्राउझर फायरफॉक्स करून त्यात यूब्लॉक टाका, आणि सेटिंगमध्ये प्रायव्हसी, मग अ‍ॅड्स, तिथून जाहिरात आयडी (जाहिरातवाले फोन ज्यावरून ओळखतात ती खूण) डिलीट करा. त्या शेवटच्याने नेट अडत नाही.

सांगलीकर_भाचा:
जल्लोष नको, उशीर झालाय. मंगळवारीच सगळं काढून टाकायला लावलं होतं. गुरुवारी आईचा फोन: “पंचांग उघडलं की आधी कर्जाची बाई ओरडते. ते तुझं खाजगी परत लाव.” म्हटलं, दवाखान्यात पुन्हा अडेल. तर म्हणाली, मला बंद-चालू कसं करायचं ते सांग. वीस मिनिटं लागली. काल व्हिडिओ कॉलवर बघितलं तर फोनच्या पारदर्शक कव्हरमध्ये मागे चतकोर कागद, तिच्या अक्षरात: ‘दवाखाना – खाजगी बंद. घर – चालू. लिंक उघडली नाही तर – बंद.’

उंबरठ्यावरची:
काकूंना नमस्कार सांगा. त्याच कागदावर खाली पिन तर लिहिलेला नाही ना?

सांगलीकर_भाचा:
कागदाला घडी होती. विचारायची हिंमत झाली नाही.