रोजमेरी पावसाळ्यात का दगावते

मेपर्यंत टवटवीत असलेलं रोप पावसाळ्यात काळपट पडून वाळलं, पाणी कमी पडलं का, असं तुम्ही विचारलंय. बहुधा उलटंच झालंय. रोजमेरी हे स्वयंपाकात वापरायचं सुवासिक पानांचं झुडूप, मूळचं भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ, कोरड्या उतारांवरचं. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा जातो. आपल्याकडे जुलैत माती सतत ओली राहिली की मुळं कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून रोप तहानलेलं दिसतं. मग आपण आणखी पाणी घालतो आणि ते हातचं जातं.

कुंडी मातीचीच घ्या. निम्मी माती, निम्मी जाड वाळू आणि विटांचा चुरा, शेणखत अगदी मूठभर. पावसाळाभर कुंडी आडोशाला, पण भरपूर उजेडात आणि वाऱ्यावर ठेवा. बोट दोन पेरं खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी द्या.

नवं रोप करायला बियांच्या नादी लागू नका, त्या फार रडवतात. पावसाळा सरला की शेंड्याकडची अर्ध्या वितीची काडी घ्या, खालची पानं ओरबाडा आणि ओलसर वाळूत खोचा. वापरायलाही हिरवे शेंडेच खुडा. पानं नसलेल्या जून लाकडाला सहसा फुटवा येत नाही.

आणि कृपा करून कोथिंबिरीसारखी वरून भुरभुरू नका, पानं दाताखाली चरचरीत लागतात. उकडलेले बटाटे परतायच्या आधी तेलात लसणाबरोबर आख्खी काडी मंद आचेवर टाका. वास तेलात उतरला की काडी काढून मग बटाटे घाला.