असल उत्तर एकट्याने खेळायचं तर लपवायचं कोणापासून?

काथ्याकूट (नगर)

नमस्कार मंडळी,

1965 च्या युद्धातली असल उत्तरची लढाई टेबलावर मांडतोय, 1/285 मापात, म्हणजे ज्याला आपण 6 मिमी म्हणतो ते. समोर बसायला कोणी नाही. नगरमध्ये मिनिएचर वॉरगेमिंग, म्हणजे छोट्या प्रतिकृती मांडून लढाई खेळणारा दुसरा माणूस असलाच, तर तो उसातल्या सेंच्युरियन रणगाड्यासारखा दबा धरून बसलाय, मला अजून दिसलेला नाही. त्यामुळे सोलो.

ज्यांना ही लढाई माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सप्टेंबर 1965, पंजाबातला खेमकरण परिसर. आपल्या 4 माउंटन डिव्हिजनचा 6 तारखेचा हल्ला फसला, आणि ती मागे सरून असल उत्तर गावाभोवती घोड्याच्या नालासारखी बसली. समोर पाकिस्तानची 1 आर्मर्ड डिव्हिजन, पॅटन रणगाड्यांसह. आपल्याकडे तीन रणगाडा रेजिमेंट: डेक्कन हॉर्सचे शर्मन, 3 कॅव्हलरीचे सेंच्युरियन, 8 कॅव्हलरीचे हलके एएमएक्स-13. शेतांत उभा ऊस आणि कालवे फोडून सोडलेलं पाणी. 8 ते 10 सप्टेंबर असे तीन दिवस पॅटन येत राहिले, उसातून अगदी जवळून मार खात राहिले, चिखलात रुतत राहिले. त्यातले कितीतरी पुढे भिखीविंडला ओळीने उभे केले होते, त्या जागेला लोक पॅटन नगर म्हणायला लागले.

माझी मांडणी अशी: 120 बाय 90 सेंमीची एमडीएफची (लाकडी भुशाची) फळी, 1 सेंमी म्हणजे 50 मीटर. म्हणजे 6 बाय साडेचार किलोमीटरचा मुलूख. खेमकरण टेबलाबाहेर दक्षिणेला, भिखीविंडचा रस्ता मधून वर, चीमा आणि असल उत्तर टेबलावर. पॅटन आणि सेंच्युरियन रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट करून घेतलेत. रंगाची चिंता नाही, आमच्या इथल्या रणगाडा संग्रहालयात जाऊन खऱ्यांच्या चौफेर फिरून येतो. पुतण्या कंटाळतो, मी नाही.

आता अडचण. सेंच्युरियन उसात कुठे ठेवलेत ते मलाच माहीत. मग पॅटन पुढे सरकवताना हात आपसूक त्या शेताला वळसा घालतो. वळसा घालायचा नाही असं ठरवलं, तर मुद्दाम मरायला पाठवल्यासारखं होतं. तोही खेळ नव्हेच. दबा धरणारा मी आणि फसणारा मी, हे जमवायचं कसं?

दुसरं, या मापात ऊस आणि पाणी कशाचं करता? बाजारात मिळणारं तयार गवत उसासारखं दिसत नाही, हिरवळीसारखं दिसतं.


दुसरी_बाजू (ठाणे)

तुमची अडचण नियमांची नाही, खुर्चीची आहे. तुम्ही आपल्या बाजूच्या खुर्चीत बसलाय. उठा आणि पॅटनच्या खुर्चीत जा.

आवडणार नाही, मलाही आवडलं नव्हतं. पण विचार करा. एकट्या माणसाला चकित करता येत नाही, फक्त चकित होता येतं. असल उत्तरला चकित कोण झालं? म्हणून तुम्ही पाकिस्तानी ब्रिगेडियर व्हायचं, आणि आपली बाजू फाशांनी आणि पत्त्यांनी चालवायची. 1971 च्या लाँगेवालाचं उलट आहे, तिथे रात्री रणगाड्यांचा आवाज येतोय पण किती आणि कुठून ते ठाऊक नाही अशी स्थिती आपल्या कंपनीची होती, म्हणून तिथे आपल्या बाजूने बसा. लढाई निवडली की पहिला प्रश्न हाच विचारायचा, अंधारात कोण होतं? ज्याला माहीत नव्हतं त्याची खुर्ची आपली.

प्रशियात 1824 साली राइसविट्झने आपला युद्धखेळ सैन्यापुढे मांडला, तेव्हा त्याच्या केंद्रस्थानी पंच होता. खेळणाऱ्या अधिकाऱ्याला मैदानावर जेवढं दिसलं असतं तेवढंच पंच सांगणार. आपल्याकडे पंच नाही, एवढंच काय ते. ते काम पत्त्यांच्या कॅटकडून करून घ्यायचं.

मी असं करतो. टेबलावर उसाचे 14 तुकडे धरा. जुन्या पत्त्यांच्या कॅटमधले 20 पत्ते घ्या: 4 पत्ते म्हणजे सेंच्युरियनचा ट्रूप (छोटी तुकडी), 2 शर्मन, 2 जीपवरच्या रणगाडाविरोधी 106 मिमी रिकॉइललेस तोफा, 3 पायदळ, उरलेले 9 रिकामे. पिसून प्रत्येक तुकड्यावर एक पालथा ठेवा, 6 हातात उरतील ते न बघता बाजूला. आता कुठे काय आहे ते तुम्हालाही माहीत नाही, आणि एकूण किती आहेत तेही नाही. रिकामे पत्ते कमी करायचा मोह होईल, करू नका. सगळी भीती रिकाम्या पत्त्यांत आहे.

पण नुसतं लपवून भागत नाही. असल उत्तरला पॅटन मारले गेले ते आपली मंडळी थांबली म्हणून, पॅटन अगदी टप्प्यात येईपर्यंत गोळा झाडला नाही म्हणून. तेव्हा पॅटन पत्त्यापासून 20 सेंमीवर, म्हणजे एक किलोमीटरवर आला की फासा टाका. 1 आला तर कोणाचा तरी धीर सुटला, पत्ता उलटा, आत काही असेल तर त्याने लांबून गोळी झाडली. 2 ते 4, थांबले, पुन्हा 10 सेंमीवर बघू. 5 किंवा 6, पॅटन शेताच्या कडेला येईपर्यंत चिडीचूप. या एका फाशाने टेबलाची हवा बदलते. तुम्ही पॅटन घेऊन शेताजवळून जाता, काही होत नाही, पुढच्या शेताजवळूनही काही होत नाही, आणि मग मागून.

घोड्याच्या नालाचं काय? तो नाल आहे हे तुम्हाला माहीत आहे, त्या ब्रिगेडियरला नव्हतं. म्हणून सहा वेगवेगळ्या मांडण्यांचे छोटे नकाशे काढा: एकात नाल, एकात रस्त्यावर सरळ आडवी फळी, एकात सगळं डावीकडे, वगैरे. पत्ते नेहमीसारखे पसरा, पण तिसऱ्या फेरीनंतर फासा टाकून नकाशा ठरवा. त्या नकाशाच्या रेषेवर जे तुकडे येतात तिथे बाजूला ठेवलेल्या सहांतला एकेक पत्ता जादा. इतिहास हवा तर 1 ते 3 ला नालच ठेवा.

आणि पायदळ पॅटनच्या मागे एक फेरी उशिरा आणा. त्या लढाईत रणगाडे पुढे आणि पायदळ मागे राहिलं, यावर लष्करी अभ्यासक बरंच बोलले आहेत. उसात पायी माणूस न पाठवता रणगाडा घुसवणं म्हणजे काय, ते या खेळात दुसऱ्या फेरीलाच कळतं.


उसाचा_फड (वाळवा)

मी खेळत नाही, मुलाने धागा दाखवला. ऊस मात्र माहीत आहे, म्हणून लिहितो.

पंजाबात लागण साधारण फेब्रुवारी-मार्चची. म्हणजे सप्टेंबरात सहा-सात महिन्यांचा ऊस. आमच्या आडसालीसारखा वर्षाचा, लोळलेला नव्हे. सरळ उभा, माणसाच्या डोक्यावर दीड-दोन हात जाईल एवढा धरा. तुमच्या मापाने 8 ते 9 मिमी होतो, मुलाने हिशोब करून दिला.

दुसरी गोष्ट तुम्हा लोकांच्या ध्यानात आलेली दिसत नाही. उसात गडी शिरला तर बाहेरच्याला दिसत नाही, पण शेंडे हलतात. आम्ही फडात रानडुक्कर कुठे आहे ते तसंच ओळखतो. आता त्यात रणगाडा घाला. उभा राहिला तर दिसायचा नाही, हलला की अख्खी शेंड्यांची वाट पडत जाणार आणि मोडलेला ऊस मागे राहणार. तेव्हा लपलेल्याने हलायचं नाही, हलला की पत्ता उलटा, असा नियम करा.

आणि सरी कोणत्या दिशेला आहे ते बघा. सरीच्या रेघेत बघितलं तर आत बऱ्यापैकी लांबवर दिसतं, आडवं बघितलं तर हाताभर पण नाही. सगळ्या शेतांच्या सऱ्या एकाच दिशेला करू नका, तसं कुठल्या गावात नसतं.

पाणी दिलेल्या रानात वरून सुकल्यासारखं दिसतं आणि खाली लोणी असतं. ट्रॅक्टर अडकतो तो तिथे. जिथे पाणी चकाकतंय तिथे कोण शहाणा जातोय?


दुसरी_बाजू (ठाणे)

साष्टांग. शेंड्यांचा नियम मी आजपासून वापरणार. पॅटनची उंची तीन मीटरच्या आसपास, म्हणजे वरच्या झाकणातून बाहेर उभा असलेला कमांडर उसाच्या वरून बघू शकतो. शेंडे हलताना त्याला दिसतीलच.

पाण्याचंही तुमचंच बरोबर. मी आतापर्यंत पाण्याची शेतं उघड मांडत होतो. त्यापेक्षा असं: फोडलेल्या कालव्याला लागून असलेल्या प्रत्येक सपाट शेतात पॅटन पहिल्यांदा शिरला की फासा. 1 किंवा 2 ला रुतला. मागे निघायला एक पूर्ण फेरी, आणि तेव्हा पुन्हा 1 आला तर चालक दल उतरून पळालं. 45 टनांचं धूड आहे ते. दर तीन फेऱ्यांनी ओल एकेक शेत पुढे सरकते.


मंदार_क (डोंबिवली)

चर्चा छान चाललीय, पण एक टोचलं ते बोलतो. याच लढाईत 4 ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने पॅटन उडवत उडवत 10 तारखेला गेले. परमवीरचक्र. आणि इथे ‘2 पत्ते जीपचे, फासा 5 आला तर’. माझ्या तरी हाताने तो फासा पडणार नाही.


काथ्याकूट (नगर)

मंदार, हे माझ्याही मनात येऊन गेलं. म्हणून माझ्या टेबलावर कोणाच्या नावाची सोंगटी नाही. जीप ही जीप आहे. पण खरं सांगू का, ती जीप किती उघडी होती हे मला पुस्तकात वाचून कळलं नव्हतं. त्या तोफेचा भडका मागे उडतो, धूळ उठते, एका गोळ्यात ठावठिकाणा जाहीर. चिलखत नाही, छप्पर नाही. टेबलावर जीपचा पत्ता उलटा होतो आणि सगळे पॅटन तिच्याकडे तोफ फिरवतात, तेव्हा दुसरा गोळा झाडायला थांबायचं की निसटायचं हा प्रश्न पडतो. अब्दुल हमीद थांबले होते. फासा टाकायचा नसेल तर टाकू नका, तुमचं म्हणणं मान्यच आहे.

फडवाले काका, तुमच्या मुलाला टेबलापाशी बसवा हो.

दुसरी_बाजू, पॅटनच्या खुर्चीत बसायला मन तयार होत नव्हतं, पण पत्ते पसरून बघितले. चीमाच्या अलीकडे येईपर्यंत तीन रिकामी शेतं लागली, आणि तोवर मी इतका सावध झालो होतो की रस्ताच सोडला आणि पाण्याकडे वळलो. कोणी ढकललं नव्हतं. आता ऊस कशाचा करायचा तेवढं सांगा, सध्या हिरव्या स्पंजचे तुकडे ठेवलेत आणि भांड्यांच्या घासणीवर युद्ध चाललंय.


थर्मोकोल_नको (पनवेल)

शेवटी माझा विषय आला.

ऊस: काथ्याचं पायपुसणं. दारात टाकतो ते जाड, ब्रशसारखं, रबराच्या पाठीचं. केस साधारण दीड सेंमी असतात, तुम्हाला 9 मिमी हवेत. केस कापायच्या ट्रिमरने उतरवा, कात्रीने खालीवर होतं. आधी अंगणात झटका, नाहीतर महिनाभर घरभर काथ्या. मग कटरने पाठीकडून कापायचं. शेतं चौकोनीच पण वेडीवाकडी कापा, आणि फडवाल्यांनी सांगितलेल्या सऱ्या गरम सळीने दाबून पाडा. रंगाला पातळ केलेला हिरवा अॅक्रिलिक, बुडाला जरा पिवळट राहू द्या, पाचट तशीच दिसते. शेंड्यांवर फिकट हिरव्याचा कोरडा ब्रश. तुकडे सुटे ठेवा, चिकटवू नका. रणगाडा आत शिरला की तुकडा उचलून बाजूला ठेवता येतो, आणि त्याखाली पत्ता मावतो. पत्ता मोठा पडला तर पुठ्ठ्याच्या बारक्या चकत्या करा.

जमीन: तिकडची माती गाळाची, फिकट तपकिरी. आपल्याकडचं काळं रान किंवा कोकणातला तांबडा नको. एमडीएफवर फेविकॉल पाणी फासून बारीक चाळलेली वाळू. एमडीएफच्या दोन्ही बाजूंना आधी वॉर्निश मारा. एकाच बाजूला ओलं लावलं की फळी वाटीसारखी वळते, मग तुमचं खेमकरण डोंगरावर.

पाणी: फेविकॉलचे थर देऊन पाणी करा असं व्हिडिओवाले सांगतात, ते त्यांच्या कोरड्या हवेत. पनवेलच्या जुलैत ते पांढरं पडतं. नगरला कमी त्रास होईल, तरी चकचकीत अॅक्रिलिक वॉर्निशच वापरा. आधी गडद तपकिरी रंग, मग तीन-चार पातळ थर, प्रत्येक पूर्ण सुकल्यावर. निळा रंग लावलात तर मी नगरला येईन. शेतात सोडलेलं पाणी निळं नसतं, गढूळ चहासारखं असतं. आणि वरच्या नियमाप्रमाणे चकाकणारी शेतं थोडीच ठेवा, फक्त कालव्याजवळ. बाकीची ओल फाशाला ठरवू दे.

कालव्याचे बांध फोमबोर्डच्या पट्ट्यांचे. थर्मोकोलवर स्प्रे रंग मारू नका, विरघळून जातो, माझं नाव उगाच नाही.

झाडं रस्त्याच्या कडेला थोडी, गावाभोवती दाट. घरं सपाट धाब्याची, उतरत्या कौलाची नकोत. पुठ्ठ्याचे ठोकळे, मातकट रंग, झालं. आणि सगळं डब्यात ठेवताना सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका, काथ्याला पावसाळ्यात बुरशी धरते.


काथ्याकूट (नगर)

पायपुसणं आणलं. ट्रिमर बायकोने लपवलाय, तो शोधायला कुठला पत्ता उलटायचा ते कळत नाही.

एक शंका राहिली. उसात असलेल्या आपल्याच सेंच्युरियनला गोळी झाडल्यावर जागा बदलायची असेल तर? शेंडे हलणार, म्हणजे दिसणार. मग झाडल्यावर थांबायचं की सरकायचं, हे फाशाने ठरवू का?


दुसरी_बाजू (ठाणे)

फाशानेच. 1 ते 3 जागेवर, 4 ते 6 शेताच्या मागच्या कडेने बाहेर. मागे निघाला की त्याच्या जागी रिकामा पत्ता पालथा ठेवा आणि सेंच्युरियनचा पत्ता लागून असलेल्या दोन शेतांतल्या पत्त्यांत मिसळून, पिसून पुन्हा ठेवा. शेंडे हलले ते तुम्हाला दिसले, पण नेमका कोणत्या शेतात जाऊन थांबला ते नाही.