रूममेटच्या झोपेच्या गोळ्या माझ्याकडे आहेत, परत देऊ की नको?

नवीन आयडीने लिहितोय, कारण समजून घ्या.

रूममेट माझ्याच वर्गातला. मागच्या परीक्षेआधी त्याने एका सिनियरकडून मिथाइलफेनिडेट घेतलं. सिनियरला ते डॉक्टरांनी एडीएचडीसाठी (लक्ष एकाग्र न होण्याचा विकार) दिलेलं, याने जागायला घेतलं. पुढे झोपच येईना, मग अल्प्राझोलम. परीक्षा संपली, जागायची गोळी सुटली, झोपेची मात्र चिकटली. आधी अर्धी घ्यायचा, आता रोज दोन. चार महिने झाले.

गोळ्या चष्म्याच्या डबीत ठेवतो. रात्री विचारतो, "दाराला कडी लावलीस ना?" लावली म्हणावं, तर पाच मिनिटांनी परत तेच. शनिवारी गोळीवर बिअर प्यायला आणि असा घोरायला लागला की मी तासभर त्याच्या नाकापुढे हात धरून बसलो होतो. (हसू नका, खरंच.)

परवा त्याने स्वतःहून डबी माझ्या हातात दिली, "आजपासून बंद, मागितली तरी देऊ नकोस" म्हणाला. मला आनंद झाला. पण आज सकाळपासून त्याचे हात थरथरतायत, शर्ट घामाने भिजलाय, कप धरवत नाहीये. डबी मागतोय. शब्द पाळू की देऊन टाकू? खरं तर फ्लश करून विषय संपवणार होतो.

प्रतिसाद:
फ्लश अजिबात करू नका. रोज अल्प्राझोलम घेणाऱ्याने एकदम बंद केलं तर फिट येऊ शकते, जीवावरही बेतू शकतं. मेंदूला शांत ठेवणाऱ्या 'गाबा' या रसायनाचा परिणाम ही गोळी वाढवते, मेंदू त्याला सरावतो. निग्रह कमी पडला वगैरे काही नाही. डोस हळूहळू उतरवावा लागतो, कधी काही महिनेही जातात. तो डॉक्टरच ठरवणार, तुम्ही किंवा मी नाही. थरथर सुरू झालीय म्हणजे उद्यावर ढकलू नका, आत्ताच न्या. फिट आली किंवा असंबद्ध बोलायला लागला तर सरळ अँब्युलन्स.

आणि ते घोरणं! दारू आणि ही गोळी एकत्र आली की श्वास मंदावतो. हलवून उठत नसेल, ओठ निळे पडले असतील, तर कुशीवर वळवा, अँब्युलन्स बोलवा, एकटं सोडू नका. नाकापुढे हात धरलात ते बरोबरच केलंत.

धागाकर्ता:
तो यायला तयार आहे, पण कॉलेजला कळेल म्हणून घाबरलाय. डॉक्टरांना बिअरचंही सांगायचं का?

प्रतिसाद:
सगळं सांगा, किती मिलिग्रॅम, किती दिवस, शेवटची कधी घेतली, बिअर, मिथाइलफेनिडेट. रिकामी स्ट्रिप बरोबर न्या. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांचं कर्तव्यच असतं, हे त्याला सांगा.

धागाकर्ता:
डबीच घेतली बरोबर. निघालो.