श्रावणातले सोमवार आणि आजीच्या गोळ्या

वैनी, डिचोली: सगळ्यांना सांगून ठेवते. आजीचं गेले आठ-दहा दिवस काही खरं नाही. सकाळी पूजेला बसते तेव्हा ठीक असते, पेपरही वाचते. दुपारनंतर एकदम गोंधळते. आज मला विचारलं, "कापणी झाली का गो?" श्रावणात कसली कापणी! मागच्या सोमवारी अंगणात तोल गेला, तुळशीला धरलं म्हणून पडली नाही. आत्ताही तशीच बसलीय.

काका, पुणे: वय झालं गो तिचं. ब्याऐंशी म्हणजे काही कमी नाही. विसरायला होणारच.

आत्या, म्हापसा: माझ्या सासूबाईंचं असंच सुरू झालं होतं. एकदा लागलं की वाढतच जातं. रात्री दुधातून शंखपुष्पी देऊन बघ.

ताई, बांबोळी: काका, वयाचं विसरणं हळूहळू येतं. आठ दिवसांत आलं, आणि तेही सकाळी शहाणी न् दुपारी गोंधळलेली, तर त्यामागे काहीतरी ताजं असतं. लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणं, पाणी कमी पडणं, साखर उतरणं, नाहीतर नवी गोळी. वॉर्डात रोज बघते मी. म्हाताऱ्या माणसांना कधीकधी संसर्ग होऊनही ताप येत नाही, आधी बोलणं बिघडतं. आत्या, आता नवीन काही देऊ नका, शंखपुष्पीपण नको. वैनी, आजीच्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांड आणि फोटो टाक. चिठ्ठ्यांचा नको, गोळ्यांचाच. पाकिटं उलटी करून मागची बाजूपण.

वैनी, डिचोली: टाकलेत फोटो. बिस्किटांचा पत्र्याचा डबा भरलाय नुसता.

ताई, बांबोळी: पहिल्या फोटोतली निळी पट्टी आणि तिसऱ्यातली लाल. वरची मोठ्या अक्षरातली नावं वेगळी आहेत, कंपन्या वेगळ्या. खालचं बारीक वाचा. दोन्हींत ग्लिमेपिराईडच आहे, मधुमेहाची साखर उतरवायची गोळी.

दादा, वास्को: म्हणजे एकच गोळी दोनदा?

वैनी, डिचोली: निळी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांची. लाल मे महिन्यात पाय सुजले म्हणून दुसरीकडे दाखवलं होतं, तिथली. एक सकाळी खाण्याआधी, एक दुपारी जेवणाआधी. दोन्ही चिठ्ठ्यांवर तसंच लिहिलंय.

ताई, बांबोळी: आणि सोमवारी?

वैनी, डिचोली: श्रावण ना. सोमवारी उपास, शनिवारी एकभुक्त. सोमवारी दिवसभर एक केळं आणि बिनसाखरेचा चहा. गोळ्या मात्र चुकवत नाही, घड्याळ लावून घेते.

ताई, बांबोळी: आज सोमवारच आहे. ही गोळी तुम्ही जेवलात की नाही बघत नाही, ती स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतच राहते. त्यात या वयात मूत्रपिंड मंदावतात, औषध अंगात जास्त वेळ रेंगाळतं. आपल्याला साखर उतरली की छातीत धडधडतं, हात थरथरतात, कळतं. तिच्या प्रेशरची अटेनोलॉल ती धडधड झाकून टाकते. घाम तेवढा झाकत नाही. वैनी, दुपारी तिचा पोलका भिजलेला असतो का?

वैनी, डिचोली: असतो. पावसाने गारठलेलं असतं तेव्हासुद्धा.

ताई, बांबोळी: आत्ताच्या आत्ता साखर मोजायचं मशीन काढ.

वैनी, डिचोली: ५८

ताई, बांबोळी: जागी आहे ना? गिळता येतंय? मग तीन चमचे साखर अर्धा पेला पाण्यात ढवळून पाज. १५ मिनिटांनी परत मोज. ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेच. वर आली की पेज भरव. डोळे उघडत नसेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ १०८.

आत्या, म्हापसा: देवा. काय झालं कळव गो.

वैनी, डिचोली: १०४. ओळखलं मला. विचारतेय, "उपासाला पेज कुणी आणली?"

ताई, बांबोळी: खाऊ दे. पण यावर थांबायचं नाही. या गोळीने उतरलेली साखर वर आली तरी काही तासांनी परत खाली जाते. दादा, गाडी काढ, आजच दाखवायला न्या. रात्रभर ठेवून घेतील. तो डबा आहे तसा सोबत घ्या.

(दुसऱ्या दिवशी)

दादा, वास्को: पहाटे तीनला परत ६१ झाली होती. सलाईनमधून ग्लुकोज दिलं. लघवी स्वच्छ, सोडियम ठीक. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी (HbA1c) ६.१ टक्के आलीय. मला वाटलं, चांगलंच की!

ताई, बांबोळी: औषधावर असलेल्या ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला ६.१ म्हणजे सारखी खाली जात असणार. या वयात साडेसात-आठपर्यंत चालवून घेतात. डॉक्टर काय म्हणाले?

दादा, वास्को: दोन्ही पट्ट्या बंद. दुसरी दिलीय, जिने साखर अशी खाली पडत नाही. झोपेच्या गोळीवरही बोलले, तोल त्यानेही जातो. ती एकदम सोडायची नाही, हळूहळू कमी करायला सांगितलीय.

आत्या, म्हापसा: आता उपास बंद करा तिचे. मी येऊन सांगते.

वैनी, डिचोली: आत्या, ते तिच्यावर सोडूया ना. बाबा गेल्यापासून तिने एक सोमवार सोडला नाही. डॉक्टरांसमोर मी उपासाचं काढलं तर माझ्यावर डोळे वटारले. डॉक्टर शहाणे, त्यांनी तिलाच विचारलं, "आजी, उपासाला काय चालतं तुम्हाला?" म्हणाली, वऱ्याचे तांदूळ, रताळं, दूध. मग दर तीन तासांनी त्यातलं थोडं थोडं खायचं ठरलं. कबूल झाली. तिच्या तोंडून आलं म्हणून झाली.

काका, पुणे: मी काय म्हणतो, एक चोवीस तासांची बाई ठेवू. पैसे मी पाठवतो.

ताई, बांबोळी: काका, पैसे लागतीलच, पण वैनीला विचारा तिला काय हवं.

वैनी, डिचोली: विचारलंत म्हणून सांगते. परक्या बाईच्या हातचं आजी पाणी पिणार नाही, तो वाद मलाच मिटवत बसावा लागेल. मला रविवारची दुपार हवी. जेवणानंतर चार तास कोणीतरी घरचं इथे बसा, मी झोपेन नाहीतर बाजारात जाईन. ग्रुपवर आलेले काढे आणि व्हिडिओ वाचायलाही वेळ नसतो मला.

आत्या, म्हापसा: पहिला आणि तिसरा रविवार माझा. म्हापशाहून यायला कितीसा वेळ लागतो.

दादा, वास्को: उरलेले माझे. या रविवारी अंगणातलं शेवाळ ब्लीचिंग पावडर टाकून घासून काढतो. न्हाणीघरात धरायला लोखंडी दांडा बसवतो, भिंतीत खोल ठोकून. टॉवेलच्या दांडीला धरते ती, कधी उपटून येईल सांगता येत नाही.

ताई, बांबोळी: खाटेपासून न्हाणीपर्यंत रात्री मंद दिवा ठेवा. आणि ती उठली की लगेच चालू देऊ नका, खाटेच्या कडेवर दोन मिनिटं बसव. उभं राहिल्यावर प्रेशरचा वरचा आकडा २० ने उतरला तर घेरी येऊ शकते, डॉक्टरांना बसून आणि उभं राहून दोन्ही मोजायला सांगायचं. आणखी एक, यापुढे कुठल्याही डॉक्टरकडे नेलं तरी डबा सोबत. नवी गोळी आली की आधी मला मागच्या बाजूचा फोटो.

काका, पुणे: आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंय का तिचं? ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरच्या सगळ्यांना आहे, उत्पन्न बघत नाहीत. यादीतल्या इस्पितळात दाखल व्हावं लागलं तर वर्षाला ५ लाखांपर्यंतचा खर्च सरकारी योजनेतून होतो.

वैनी, डिचोली: नाही काढलं. आधार घरी आहे, पण त्याला नंबर तुमचा जोडलेला, ओटीपी तुमच्याकडे येणार.

काका, पुणे: शनिवारी सकाळी करू, मी फोन हातात घेऊन बसतो. आणि ऐक, चवथीला आम्ही तीन दिवस आधीच येतो. आजी माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-फुलं बांधायच्या चौकटीसाठी, स्टुलावर चढायला बघणार, तिला खुर्चीत बसवून काय कुठे बांधायचं ते तिने सांगायचं, बांधायचं आम्ही.

वैनी, डिचोली: वाचून दाखवलं तिला. म्हणते, कवंडाळं आणि घागऱ्या रानातून आणायला पोरांना आत्ताच सांगून ठेवा, बाजारातल्या नकोत.